अठरा फोन आणि एक दार

मुद्देकाकांना दार हवं होतं. बंगला नको, गाडी नको, बढती मिळाली तर ते नाही म्हणणार नव्हते, पण तिच्यासाठी कोणाच्या पाया पडणार नव्हते. हवं होतं फक्त एक दार. आपण आत बसायचं, दार लावून घ्यायचं, आणि ज्याला काम असेल त्याने बाहेरून टकटक करून "येऊ का?" असं विचारायचं. बावीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाची ही काही अवाच्या सवा मागणी नव्हे.

आता बावीस वर्षं ते कुठे बसत होते हेही ऐका. एका हाताला पिण्याच्या पाण्याचं मशीन आणि दुसऱ्या हाताला जिना. जो बाटली भरायला येई तो बाटली भरेपर्यंत काकांच्या टेबलावरची फाइल वाचे. नुसती वाचे तर एक वेळ चाललं असतं. "तिसऱ्या ओळीत 'सदर' दोनदा आलंय," असंही सांगून जाई. एकदा तर गोपनीय अहवालावर कोणीतरी बाटली सांडली आणि ज्याच्याबद्दल तो अहवाल होता त्यानेच तो उन्हात वाळत घातला.

मुद्देकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते मुद्दे पाडल्याशिवाय बोलत नसत, म्हणून सगळं ऑफिस त्यांना असं म्हणे. घरीसुद्धा तेच. "मुद्दा एक, आमटीत मीठ कमी आहे. मुद्दा दोन, तरीही आमटी चांगली झाली आहे." काकू म्हणत, "मुद्दा तीन, गिळा मुकाट्याने."

तर ऑफिसात साहेबांच्या केबिनशेजारी एक छोटी खोली होती. तिला दार होतं, वर अर्ध्या भागात दुधी काच असलेलं. खोलीत जुन्या टेलिफोनचं एक्स्चेंज होतं, कपाटाएवढं, दिवसभर टकटक करत बसणारं. आणि एके दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की आता सगळ्या शाखांना इंटरनेटवर चालणारे नवे फोन मिळणार, जुनी एक्स्चेंज काढून टाका.

काकांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

साहेब नाकात बोलत. "मुद्देकाका," ते म्हणाले, "सोमवारी सकाळी अकराला मोठे साहेब स्वतः पहिला फोन करणार आहेत. तो फोन नीट वाजला तर ती खोली तुमची. शिफारस मी आजच वर पाठवतो."

"आणि नाही वाजला तर?"

"तर तिथे जुन्या फायलींची कपाटं टाकू. तसंही त्यांना जागा नाहीये."

काकांना पुढचं काही ऐकू आलं नाही. शुक्रवारी चार वाजता त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि जुनं एक्स्चेंज उचलून नेऊ दिलं. कॅशियरबाई काउंटरमागून मान उंचावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो काका, नवे फोन अजून खोक्यात आहेत! ते सुरू तर होऊ द्या."

"मुद्दा एक," काका म्हणाले, "जुनं गेल्याशिवाय नव्याला जागा होत नाही."

"आणि मुद्दा दोन?"

मुद्दा दोन नव्हता. काका खोलीत टेपने पडद्याचं माप घेत होते. आता सगळ्या ऑफिसात एकही फोन चालू नव्हता, आणि नवे चालले नाहीत तर परतीची वाटही नव्हती. पण माप घेणाऱ्या माणसाला असं काही सुचत नाही.

शनिवारी सुट्टी होती. काका आणि शिपाईमामा दोघंच ऑफिसात आले. शिपाईमामा काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि काका जे सांगतील ते एक शब्द न बोलता करणारे. हा गुण आहे की दोष, ते पुढे ठरवू. दोघांनी अठरा फोन खोक्यांतून काढले. काळे, तुकतुकीत, छोटा पडदा असलेले. दुसरा एखादा असता तर त्याने लगेच वायर लावून बघितली असती. काका तसे नव्हेत. ऑफिसात आलेली वस्तू आधी जडवस्तू नोंदवहीत चढते, तिच्यावर नोंद क्रमांकाची चिठ्ठी लागते, मग ती वापरात येते. काकांनी अठरा चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि डिंकाने प्रत्येक फोनच्या पोटाला चिकटवल्या. तिथे कंपनीने आधीच एक पांढरी पट्टी लावून ठेवली होती, बरोबर चिठ्ठीच्या मापाची. काकांना कंपनीचं फार कौतुक वाटलं. रिकामी खोकी पसारा नको म्हणून मामांनी खाली नेऊन भंगारवाल्याला दिली.

मग फोनला वायरी जोडल्या. अठराच्या अठरा पडदे उजळले. काका मनात म्हणाले, झालं काम. तेवढ्यात पडद्यांवर एकामागून एक सूचना उमटली, तिचा मराठीत अर्थ असा की फाइल मिळाली नाही.

काकांनी मोबाइलवरून मुख्य कार्यालयाच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. आवाज गोड आणि सहनशक्ती अफाट, आणि ती दोन दिवसांत किती लागणार होती याची तिला बिचारीला कल्पना नव्हती.

"सर, या फोनमध्ये सुरुवातीला काहीच नसतं," ती म्हणाली. "तो जागा झाला की आधी ऑफिसच्या नेटवर्कला विचारतो, मी कुठे जाऊ? नेटवर्क त्याला आमच्या सर्व्हरचा पत्ता देतं. मग तो सर्व्हरकडे येतो आणि म्हणतो, माझा नंबर अमुक, माझी फाइल द्या. त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की तू कॅशियरचा फोन, तुझा नंबर एकशे चार."

"म्हणजे नेमणुकीचा आदेश!" काका म्हणाले.

"हो सर, तसंच समजा. आणि तो आदेश भलत्याच्या हाती पडू नये म्हणून फोन सर्व्हरचं ओळखपत्र तपासतो आणि सर्व्हर फोनचं. दोघांचं पटलं तरच फाइल मिळते. त्यानंतरचं सगळं बोलणंसुद्धा कुलूपबंद जातं, मधे कोणी ऐकू शकत नाही. पडद्यावर छोटं कुलूप दिसेल."

काकांनी अठराही फोनांवरून नजर फिरवली. ओळखपत्र दाखवल्याशिवाय आदेश न घेणारा, आदेश मिळाल्याशिवाय कामाला हात न लावणारा कर्मचारी! असा एक माणूस मिळावा म्हणून त्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली होती, आणि इथे एकदम अठरा आले होते.

"आता मला प्रत्येक फोनचा नंबर सांगा, मी फाइली बनवते. बारा अक्षरी नंबर आहे. फोनच्या खाली पांढऱ्या पट्टीवर."

काकांनी एक फोन उलटा करून पाहिला.

"सर?"

"त्यावर आमची चिठ्ठी आहे," काका बारीक आवाजात म्हणाले.

"मग खोक्यावरचा सांगा. तिथेही असतो."

काकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीतून खाली पाहिलं. भंगारवाल्याची हातगाडी कोपऱ्यावरून वळत होती.

डिंक काकांनी स्वतः शिजवलेला होता, त्यामुळे तो पक्का होता. त्यांनी पहिला फोन घेतला तो साहेबांसाठी बाजूला ठेवलेला, आणि सुरीने चिठ्ठी खरवडायला सुरुवात केली. चिठ्ठी निघाली, नंबर वाचता आला, पण त्याबरोबर फोनच्या बुडाचा एक रबरी पायही तुटून पडला. तो कुठे गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. मग मामा पहिल्यांदाच बोलले, "किटलीची वाफ दिली तर?" पुढच्या सतरा चिठ्ठ्या वाफेने अलगद सुटल्या. ही युक्ती मामांनी आधी का सांगितली नाही, असं काकांनी विचारलं. "तुम्ही विचारलं नाही," मामा म्हणाले.

नंबर कळवले. कोणता फोन कोणाच्या टेबलावर तेही सांगितलं. मुलीने फाइली बनवल्या. फोन बंद करून पुन्हा सुरू केले आणि आता पडद्यांवर दुसरीच सूचना आली: सर्व्हरच्या ओळखपत्रावर विश्वास नाही. अठरा फोन मुख्य कार्यालयावर अविश्वास दाखवून बसले होते. मुलीने इकडून तिकडून खटपट केली आणि म्हणाली, "सर, उद्या माझी ड्युटी आहे, उद्या बघू."

काका घरी आले ते तोंड पाडून. काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"मुद्दा एक, काही नाही."

"मुद्दे पाडताय म्हणजे खूप काही झालंय," काकू म्हणाल्या. "दारासाठी एवढा जीव टांगणीला लावायचा म्हणजे कमाल आहे. आपल्या घराला आहेत की तीन दारं."

रविवारी सकाळी दूध घ्यायला उतरताना जिन्यात वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण सल्ला द्यायची नोकरी अजून चालू होती. फ्रिज बिघडो नाहीतर सोयरीक मोडो, ते पोस्टाच्या अनुभवावरून उपाय सांगत. काकांनी सगळी हकीकत सांगितली. मनात आशा काहीच नव्हती, पण जिना अरुंद होता आणि पोस्टमास्तर मधे उभे होते.

"ओळखपत्र आहे म्हणता. मग त्याला मुदत असेल," पोस्टमास्तर म्हणाले. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. असणारच. आता मला सांगा, फोनकडे तारीख कुठली आहे? आमच्याकडे सकाळी पहिलं काम काय, तर शिक्क्यावरची तारीख बदलणं. एकदा एक कारकून विसरला, तर दोनशे पत्रं निघायच्या आदल्या दिवशीच पोचली!"

काका दुधाची पिशवी पोस्टमास्तरांच्या हातात देऊन तडक ऑफिसला गेले. पोस्टमास्तर आयुष्यभर लोकांचं टपाल पोचवत आले होते, दूधही पोचवतील अशी त्यांना खात्री होती.

साहेबांच्या केबिनमधल्या फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, तारीख होती: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अठराही फोनवर तीच. अहो, तेव्हा काकांचा जन्मही झाला नव्हता! सर्व्हरचं ओळखपत्र गेल्या वर्षी काढलेलं. फोनच्या हिशेबाने ते अजून पन्नासेक वर्षांनी निघायचं होतं. असलं ओळखपत्र कोण खरं मानेल? काकांनीही मानलं नसतं. फोनचं वागणं अगदी नियमाला धरून होतं.

त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. "बरोबर आहे सर!" मुलगी ओरडलीच. "फोन सुरू झाला की इंटरनेटवर वेळ विचारतो. तुमच्या शाखेतून वेळ विचारायची वाटच बंद केलेली दिसतेय. कोणी बंद केली? थांबा, नोंद आहे. गेल्या वर्षीचं परिपत्रक. 'कार्यालयीन कामास अनावश्यक अशा सर्व इंटरनेट सेवा तातडीने बंद करण्यात याव्यात.'"

"कोणी काढलं हे परिपत्रक?" काका कडाडले. "सही कोणाची?"

"तुमची सर."

गेल्या वर्षी लोक कामाच्या वेळात कॉम्प्युटरवर मॅच बघत होते म्हणून काकांनी ते काढलं होतं. मॅच काही बंद झाली नाही, ती लोक मोबाइलवर बघू लागले. बंद पडली ती वेळ.

"मग आता उघडा ती वाट," काका म्हणाले.

"उघडते ना. पण तुमच्याच परिपत्रकात लिहिलंय सर, बंद केलेली सेवा पुन्हा सुरू करण्यासाठी नमुना क्रमांक सात, तीन प्रतींत, हेडक्लार्कच्या शिफारशीसह. तो आल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

काकांना राग आला, आणि त्याच क्षणी या मुलीबद्दल अतोनात आदरही वाटला. त्यांनी नमुना सात काढला. अर्जदार म्हणून भरला. मग चष्मा बदलून हेडक्लार्क म्हणून वाचला. रकाना नऊ रिकामा होता: 'सेवा आवश्यक असल्याचे कारण'. हेडक्लार्कने अर्ज त्रुटीसह अर्जदाराला परत केला. मामा दारात उभे राहून बघत होते.

"अहो, देऊन टाका ना," मामा म्हणाले. "तुम्हीच तर आहात."

"मी आहे म्हणून नियम वाकवायचा?" काका म्हणाले. अर्जदाराने निमूटपणे कारण लिहिलं, 'वेळ कळण्यासाठी', हेडक्लार्कने शिफारस केली, आणि तिन्ही प्रतींचे फोटो मदतकेंद्राला गेले.

वाट उघडली. फोन बंद करून सुरू केले. पडद्यावर तारीख एकदम उडी मारून आजची झाली. मग फोनने सर्व्हरचं ओळखपत्र पाहिलं, सर्व्हरने फोनचं, आणि एकेक फाइल उतरू लागली. एकशे एक, साहेब. एकशे चार, कॅशियर. एकशे आठ, हेडक्लार्क. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात इवलंसं कुलूप! काकांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. लाजण्यासारखं काही नाही त्यात, माणसाला आनंद झाला की येतं.

त्यांनी छोट्या खोलीतल्या आपल्या फोनवरून एकशे एक लावला. शेजारी साहेबांच्या केबिनमध्ये घंटी वाजली. "हॅलो," मामा म्हणाले, "साहेबांच्या टेबलावरून बोलतोय. उभ्यानेच बोलतोय."

"एकच सांभाळा सर," मुलीने निरोप घेताना बजावलं, "आता फोन हलवू नका. नंबर टेबलाला नसतो, फोनला असतो. फोन दुसऱ्या टेबलावर नेला तर तो तिथेही आपलीच फाइल आणतो."

काकांनी लगेच परिपत्रक लिहून सूचना फलकावर लावलं. मुद्दे चौदा. मुद्दा एक, हात कोरडे असावेत. मुद्दा दोन, ओरडू नये. फोन जागचा हलवू नये, हा मुद्दा अकरावा होता. या ऑफिसात मुद्दा तीनच्या पुढे आजवर कोणीही वाचलेलं नव्हतं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. काकांना नव्हती.

सोमवारी काका साडेनवालाच आले, छोट्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. काय ती शांतता! पाण्याचा आवाज नाही, बाटल्या नाहीत, 'सदर' दोनदा आल्याचं सांगणारं कोणी नाही. दहा वाजता कॅशियरबाईंनी काचेवर टकटक केलं. "येऊ का काका?" काकांनी मुद्दाम दोन सेकंद थांबून म्हटलं, "या." बाई म्हणाल्या, "काही काम नव्हतं, वाजवून बघितलं." तरी काकांना धन्य वाटलं.

पण बाहेर काय चाललं होतं ते त्यांना नंतर कळलं. आपण आत्ताच बघून घेऊ. साहेब आले, फोनचं बटण दाबलं, फोन एका बाजूला कलला. रबरी पाय नव्हता ना! दुसरं बटण दाबलं, पुन्हा कलला. मोठ्या साहेबांचा फोन यायचा आणि यंत्र असं माना डोलवतंय! साहेबांनी मामांना हाक मारली. "हा डुगडुगतोय. बदला."

काका तेवढ्यात खोलीच्या पडद्याचं माप पुन्हा एकदा घेण्यासाठी टेप आणायला गेले होते. मामांनी साहेबांचा फोन उचलला, शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला, काकांचा फोन आणून साहेबांना दिला. एक शब्द न बोलता. दोन्ही फोन पुन्हा जागे झाले, दोघांनी इमानेइतबारे आपापले नंबर दाखवले, आपापल्या फाइली आणल्या. काकांच्या टेबलावर आता एकशे एक होता आणि साहेबांच्या टेबलावर एकशे आठ. काका परत आले, त्यांनी पडद्यावर कुलूप आहे एवढं पाहिलं आणि समाधानाने खुर्चीत टेकले.

अकराला पाच कमी असताना साहेबांच्या टेबलावर घंटी वाजली. साहेब सावरून बसले, टाय नीट केला, रिसीव्हर उचलला. पलीकडे काकू होत्या. त्यांनी नवऱ्याचा नवा नंबर फिरवला होता.

"मिळालं का हो दार? बसलात का लावून?" काकूंनी सुरुवात केली. नवरा फोनवर गप्पच असतो याची त्यांना सवय होती, त्यामुळे त्या थांबल्या नाहीत. "आता तुमच्या त्या साहेबाला एकदा स्पष्ट सांगा. दोन ओळींचं पत्र लिहिता येत नाही त्याला. सगळं तुम्ही लिहायचं आणि सही तेवढी त्याची. बावीस वर्षं नळापाशी बसवलं माणसाला!"

"मी साहेब बोलतोय," साहेब नाकातून म्हणाले.

"वा! हुबेहूब!" काकू खळखळून हसल्या. "घरी करता त्याच्यापेक्षाही छान जमली आज नक्कल! अजून थोडं नाकातून काढा."

साहेबांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि नीट केलेला टाय सैल केला.

आणि बरोबर अकराला काकांच्या टेबलावर फोन वाजला.

"हॅलो!" आवाज दणदणीत होता. "काय साहेब, येतोय ना आवाज? शेजारी बसल्यासारखा येतोय!"

काका ताडकन उभे राहिले. मोठे साहेब! "सर, मी..."

"दार लावलंय ना? कोणी नाही ना आसपास?"

"नाही सर, दार लावलंय," काका अभिमानाने म्हणाले.

"छान. हा फोन कुलूपबंद आहे म्हणतात, मधे कोणी ऐकत नाही. मग मनमोकळं बोलू. तुमच्या त्या हेडक्लार्कला केबिन द्यायची म्हणून शिफारस आलीय तुमची. खरं सांगा, माणूस कसा आहे?"

काकांचं लक्ष पडद्यावर गेलं. एकशे एक. क्षणात सगळा प्रकार त्यांच्या डोक्यात लख्ख उजळला. "सर, मी हेडक्लार्कच बोलतोय," हे एवढंसं वाक्य. बावीस वर्षं काकांनी एक खोटी रजा घेतली नव्हती, ऑफिसचा एक कागद घरी नेला नव्हता. वाक्य ओठावर आलं होतं. पण समोर दार होतं, दुधी काचेचं, लावलेलं. काकांनी दोन बोटांनी नाक धरलं.

"माणूस सोन्यासारखा आहे सर," ते नाकातून म्हणाले. "मुद्दा ए..." ते जोरात खोकले. "म्हणजे असं की, दोन दिवसांत अठरा फोन सुरू केले त्याने. एकट्याने."

"दोन दिवसांत? अहो, बाकीच्या चौदा शाखांत अजून एक फोन बोलत नाही! सगळीकडे तीच रड, विश्वास नाही, विश्वास नाही."

"तारीख बघायला सांगा सर. ते त्यानेच शोधून काढलं." काकांना आता थांबवेना. बावीस वर्षांत त्यांच्याबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं, आणि ऐकायला इतकं गोड वाटत होतं की ते बोलतच गेले. कसा तो रविवारी आला, कसा त्याने स्वतःचाच अर्ज त्रुटी काढून परत केला, कसा त्याला फोनचा स्वभाव कळतो. "खरं सांगू सर? संपूर्ण कंपनीत असा दुसरा माणूस नाही."

काकांनी मनातल्या मनात पडदा लावून टाकला.

"मग इतका कामाचा माणूस एका खोलीत कोंडून काय ठेवायचा?" मोठे साहेब म्हणाले. "पाठवा माझ्याकडे. चौदा शाखा फिरू दे. फोन झाले की संगणक आहेत, मग कॅमेरे आहेत, पाच-सहा वर्षं सहज जातील. बसायचं काय, जिथे जाईल तिथे देतील एखादी खुर्ची. हरकत नाही ना तुमची?"

काकांच्या मनातला पडदा गळून पडला. "सर, तसा तो..." ते घाईघाईने म्हणाले, "तसा तो चिडका आहे. वाटेल ती परिपत्रकं काढतो. सुरीने फोन खरवडतो."

"कळतं हो मला!" मोठे साहेब हसले. "चांगला माणूस हातचा जाऊ नये म्हणून नावं ठेवताय!"

"नाही हो सर, अगदी खरं सांगतोय, काही कामाचा नाही तो!" काका नाक घट्ट धरून कळवळून म्हणाले.

तेवढ्यात दार उघडलं. टकटक न करता. दारात साहेब उभे होते. त्यांनी नाक धरून उभ्या असलेल्या काकांना पाहिलं आणि आपलाच आवाज ऐकला. काकांनी नाक सोडलं आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर पुढे केला.

"सर, आपला फोन."

साहेबांनी तो कानाला लावला. "हो सर. मीच. आता सर्दी बरी आहे... कोणाला? हेडक्लार्कला? सोडायचं?" त्यांनी काकांकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघितलं. नळ, नक्कल, दोन ओळींचं पत्र, सगळं त्या बघण्यात आलं.

"माझी काय हरकत असणार सर," ते म्हणाले. "आजच न्या."

मग त्यांनी काकांना हातानेच खूण केली की जरा बाहेर जा. वरिष्ठांचं गोपनीय बोलणं चालू असताना खालच्या माणसाने तिथे थांबू नये, हा नियम काकांनीच कधीतरी काढलेला होता. ते बाहेर आले आणि त्यांनी मागे वळून दार ओढून घेतलं. दार पहिल्याच फटक्यात, जराही आवाज न करता लागलं. आतलं एक अक्षरही बाहेर ऐकू येत नव्हतं.